चुलीपाशी पोचलेली उपासना

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती समाजाविषयी शहरी वाचकाला बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक नाताळ आणि दुसरी श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची यात्रा. दोन्ही वर्षातून एकदाच येतात. प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा रोख मात्र वर्षाच्या उरलेल्या दिवसांवर अधिक असतो. हातून जे काही घडेल ते प्रभूसाठी म्हणून करावे, असा संत पौलाच्या पत्रांतील उपदेश आहे. पाळक आपल्या प्रवचनांतून त्याचीच आठवण वारंवार करून देतात. रविवारच्या दीड-दोन तासांच्या उपासनेत देवाला अग्रस्थान देणे फारसे अवघड नाही; कसोटी लागते ती सोमवारी सकाळी.

नगर जिल्ह्यात या कसोटीला मोठा इतिहास आहे. येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले. पुढील काळात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग तत्कालीन महार आणि मांग समाजांतील ग्रामीण कुटुंबांचा होता. त्यांच्यापुढचा प्रश्न केवळ श्रद्धेचा नव्हता. रविवार उपासनेसाठी राखायचा, तर त्या दिवशी अंगावर येणाऱ्या गावकामाचे काय करायचे? गावदेवाच्या उत्सवात परंपरेने वाट्याला येणारे काम नाकारले, तर खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्याचे काय होणार? देवाला जीवनाच्या केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे या कुटुंबांच्या दृष्टीने वर्षाच्या धान्याची जोखीम पत्करणे होते. मिशनच्या इतिहासात शाळा आणि दवाखाने यांची नोंद ठळकपणे होते. त्या मानाने ही झळ उपेक्षित राहिली.

दुसरी अडचण भाषेची होती. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते प्रार्थनामंदिरात म्हटली जात, पण ती घरापर्यंत येत नसत. वस्तुतः ज्या जिल्ह्यात नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेथील माणसाला भक्ती आणि रोजचे काम यांची सांगड नवी नव्हती. वाट्याला आलेले कर्म हीच ईश्वराची पूजा, हा विचार वारकरी परंपरेने घरोघर नेला होता. दळण-कांडण करणारी जनाबाई आणि मळा पिकवणारा सावता माळी ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. युरोपातही सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाच्या साधकाने पॅरिसमधील मठाच्या स्वयंपाकघरात राबताना ईश्वराच्या सान्निध्याचा असाच अनुभव सांगितला होता. परंतु नगरच्या खेड्यातील ख्रिस्ती माणसाला त्याची गरज नव्हती. त्याला हवी होती ती त्याच्या कानाला परिचित असलेली चाल.

ती चाल प्रथम कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्या ख्रिस्ती कीर्तनांनी दिली आणि नंतर नारायण वामन टिळक यांच्या भजनांनी व अभंगांनी. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यानंतर नगर हीच दीर्घकाळ त्यांची कर्मभूमी राहिली. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते सांगत. ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून हाक मारणारी त्यांची पदे अक्षरओळख नसलेल्यांनाही सहज पाठ होत. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात टिळकांची अनेक पदे आहेत आणि ती आजही गायिली जातात.

तथापि, टिळकांच्या घरातच या विषयाची दुसरी बाजू दिसते, आणि ती पाहण्यासाठी लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राकडे वळावे लागते. देवासाठी सर्वस्व देण्याची टिळकांची वृत्ती अस्सल होती, यात शंका नाही. पण त्यांच्या हाती पडलेला पैसा घरखर्चापर्यंत पोचेलच याची खात्री नसे. दारी आलेल्या गरजवंताला ते घरात आणत आणि त्याच्या जेवणाची चिंता लक्ष्मीबाई करीत. देव एकाच्या केंद्रस्थानी असला, तर त्याचा हिशेब कित्येकदा दुसऱ्याला चुकता करावा लागतो, हे लक्ष्मीबाईंनी कोणताही कांगावा न करता, उलट हसत-हसवत लिहून ठेवले आहे. धर्मोपदेशाच्या पुस्तकांत हा मुद्दा क्वचितच आढळतो.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा प्रवासही चुलीपासूनच झाला. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे मुलगा दत्तू याच्यासह पतीजवळ परतल्या, तेव्हा त्यांचे स्वयंपाक-पाणी वेगळे होते. सोवळे सुटले नव्हते. प्रवचनांनी ते सुटलेही नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांचे त्यांना उमगले आणि मग कोणाच्याही हातचे अन्न घेण्याचा निश्चय त्यांनी केला. त्यानंतर, 1900 मध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे देव आधी पाण्याच्या भांड्यापाशी पोचला, मंडळीच्या नोंदवहीत नाव नंतर लागले. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. दैनंदिन जीवनात देवाला स्थान देणे म्हणजे प्रार्थनेची वेळ वाढवणे, असा एक सर्वसाधारण समज असतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मात्र कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, या प्रश्नाचे उत्तर बदलले.

टिळकांना पुढे मिशनच्या चौकटीतही अपुरेपणा जाणवू लागला. 1917 मध्ये मिशनच्या पगारी सेवेतून मुक्त होऊन त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. 9 मे 1919 रोजी टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार काळ टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्यही अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आज ख्रिस्ती कुटुंबांत उपासनेची घरगुती रूपे साधी आहेत. जेवणापूर्वीची उपकारस्तुती, रात्री सर्वांनी एकत्र बसून केलेले पवित्र शास्त्राचे वाचन, एखादे पद, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. प्रवासाला निघताना, परीक्षेला जाताना वा नव्या घरात पाऊल ठेवताना प्रार्थना होते. पीक हाती आल्यावर अनेक मंडळ्यांत कापणीचा सण साजरा होतो. धान्य, भाजीपाला, फळे, क्वचित कोंबडीसुद्धा उपासनेच्या वेळी अर्पण केली जाते. नंतर त्यांचा लिलाव होतो आणि चार वांग्यांना बाजारभावाच्या कितीतरी पट किंमत येते. त्या दिवशी भाव करायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत असते. शेतातील श्रम आणि वेदी यांचा इतका प्रत्यक्ष संबंध दुसऱ्या कोणत्याही दिवशी दिसत नाही.

नगरहून पुणे, मुंबईकडे स्थलांतरित झालेल्या कुटुंबांकडे शेत नसते. तेथे कापणीच्या सणाला पगारातील रक्कम पाकिटात घालून दिली जाते. कारखान्यात किंवा रुग्णालयात नोकरी असेल, तर रविवारी पाळी येतेच आणि उपासना चुकते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना टिळकांची पदे वाचताना अडखळायला होते. चाल तेवढी आजीच्या तोंडून ऐकून पाठ झालेली असते. गावकामापायी रविवार हुकण्याची जी धास्ती पणजोबांना होती, तीच आता कामाच्या वेळापत्रकाच्या रूपाने पणतवंडांपुढे आली आहे. अशा घरांत सर्वांना सोयीची म्हणून रात्रीची जेवणाआधीची पाच मिनिटे ठरवली जातात. ताट वाढलेले असते, कोणीतरी डोळे मिटून सुरुवात करते, आणि उशिरा येणाऱ्याचे पान झाकून ठेवलेले असते.