मूर्तीचा पदार्थ आणि रेणूंची साक्ष
पेणच्या मूर्तिशाळेतील मूर्ती शाडूची की प्लास्टर ऑफ पॅरिसची, हे रंग चढल्यावर डोळ्यांना कळत नाही. कणभर भुकटी मात्र निवाडा देते. रेणूंतील बंध सतत कंप पावतात व आपल्या कंपनाशी जुळणारे अवरक्त किरण शोषतात. चिकणमातीतील हायड्रॉक्सिल बंधांची खूण दर सेंटिमीटरला सुमारे ३६२० तरंगांपाशी उमटते. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्सम; त्यातील सल्फेट रामन वर्णपटात १००८ पाशी ठळक रेषा देते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला हा परिणाम विखुरलेल्या प्रकाशातील बदल दाखवितो. शाडू पाण्यात लवकर विरतो, प्लास्टर दीर्घकाळ टिकते. म्हणून या निवाड्यात नदी-खाडीचे हित आहे. ऐकीव गोष्ट पारखल्याविना स्वीकारू नये, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश पदार्थाच्या परीक्षेलाही लागू पडतो.