वर्दीतल्या माणसाचं कोण ऐकणार?

२५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक गेले. अशा ठिकाणी मृतदेह उचलणारे पोलीस, रुग्णवाहिकेचे चालक यांची झोप पुढे महिनोन्‌महिने उडू शकते. तीच दृश्यं डोळ्यांपुढे येतात, घरी चिडचिड होते. साहेबांना सांगावं तर ‘कच्चा’ ठरण्याची धास्ती! म्हणून सहकाऱ्याच्या आधाराची सोय हवी: त्याच कामातला, थोडं प्रशिक्षण घेतलेला सहकारी सोबत बसतो. तो उपचार करत नाही, ऐकतो. घटना पुन्हा सांगायची सक्ती नाही. अशा सक्तीनं त्रास वाढूही शकतो. ऐकलेलं ठाण्यात पसरणार असेल, तर ही सोय न केलेली बरी. महिनाभरात त्रास ओसरला नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जीव नकोसा वाटला तर लगेच. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.