डिस्चार्ज बुकातलं नाव

आजींनी ते पुस्तक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. इतकी वर्षं ते देव्हाऱ्याखालच्या फळीवर असायचं, त्यामुळे पानांच्या कडांना हळद लागलेली. शिवण उसवली होती, पण फोटो शाबूत होता: कान बाहेर आलेला, मान ताठ ठेवलेला तरणा जवान. पुढच्या पानावर त्याच्या चारित्र्यासमोर ‘एक्झेम्प्लरी’ असा शेरा. फौजेत याहून वरचा शेरा नाही. त्याच पुस्तकात कुटुंबाच्या रकान्यात बायकोचं नाव होतं आणि आजींचं दुखणं तिथेच होतं.

खरी नावं इथे देत नाही. समजा, पुस्तकात ‘हौसा’ लिहिलं होतं आणि आधार कार्डावर ‘सुमन’. आजींचे यजमान हवालदार होते. ते गेले आणि त्यांची पेन्शन थांबली. आजींची फॅमिली पेन्शन मात्र सुरू होईना, कारण सुमन नावाची कोणी बायको फौजेच्या नोंदीत नव्हतीच. अकरा महिने झाले होते.

मी विचारलं, “आजी, हौसा कोण?”

“मीच की. पन ती म्हायेरी ऱ्हायली. हितं आल्यावर मला सुमन केलं.”

लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं ही आपल्याकडची रीत. त्या एका रेघेमुळे पन्नास वर्षांनी एक बाई कागदावरून नाहीशी होते. हे मला आधी कळायला हवं होतं, कारण फौजेत मी क्लार्क होतो. सुभेदार म्हणून घरी आलो, तोवर अशी किती नावं मी स्वतः टाइप केली असतील.

ती कशी लिहिली जायची तेही सांगतो. लग्नाची सुट्टी संपवून जवान परत येतो आणि ऑफिसात टेबलासमोर सावधान उभा राहतो. त्याच्या लग्नाची नोंद करायची असते. “बीवी का नाम?” आता बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची त्याच्या घरात पद्धत नाही. कान लाल होतात, तो काहीतरी पुटपुटतो. घाईत माहेरचंच नाव तोंडातून जातं, किंवा घरातलं लाडाचं. ऐकणारा क्लार्क हरियाणाचा असला तर नावापुढे ‘बाई’ऐवजी ‘देवी’ येतं. आपली नावं तीन पदरी, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. त्यातलं कुठलं आधी आणि कुठलं गाळायचं, हे ज्याच्या हाताखाली टाइपरायटर तो ठरवायचा. कुणाच्या मनात खोट नव्हती. पण तो कागद पुढे चाळीस वर्षं खरा धरला गेला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डिस्चार्ज बुक हा कागदांच्या माळेतला शेवटचा मणी. जवानाच्या आयुष्यातला प्रत्येक बदल, लग्न, मूल, बढती, आधी पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापला जातो. त्यावरून रेकॉर्ड ऑफिस त्याच्या शीट रोलमध्ये नोंद घेतं. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, त्या नोंदीवरून बनतात. म्हणून पुस्तकातलं नाव खोडून वर नीट अक्षरात लिहिलं तर काहीच दुरुस्त होत नाही, उलट पुस्तकावरच संशय येतो. एका गावी मुलाने पांढरी शाई लावून आईचं नाव ‘बरोबर’ केलेलं मी पाहिलं आहे. ते निस्तरायला मूळ चुकीपेक्षा जास्त दिवस गेले. दुरुस्ती उगमापाशी, रेकॉर्ड ऑफिसातच व्हावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नव्याने पार्ट टू ऑर्डर निघते, मग प्रकरण प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयात जातं आणि तिथून दुरुस्त पीपीओ येतो. त्याला सगळे ‘कॉरिजेंडम’ म्हणतात.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा. ते काम फुकट होतं, एजंटाला पैसे देऊ नयेत. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, आधार, पॅन, पासबुक, नवराबायकोचा एकत्र फोटो आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र. नावात मोठा फरक असेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही मागतात. जुनी नोंद काय आहे तेच माहीत नसेल तर माहिती अधिकारात, २००५ च्या कायद्याखाली, १० रुपये भरून तिची प्रत मागवता येते.

आजींकडे शाळेचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. ‘हौसा म्हणजे तुम्हीच’ हे कशावरून दाखवायचं? दोन दिवसांनी त्यांचा नातू ट्रंकेतून एक कागद घेऊन आला. लग्नपत्रिका होती. गुलाबी रंग उडालेला, घडीवर फाटलेली, वर गणपती. ‘चि. सौ. कां. हौसा’ आणि शेजारी हवालदारांचं नाव, गावासकट. छापखान्याने माहेरचं नाव छापलं होतं आणि त्या कागदाने दोन बायका एक केल्या. ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, प्रतिज्ञापत्र केलं, अर्ज गेला. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, जुन्या पत्रिका रद्दीत घालू नका.

नावाचं काम वेळ खातं, पण होतं. जन्मतारखेचं अवघड. आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख ठरवली, तीच भरतीला लागली. ती निवृत्तीनंतर बदलून मागू नये. नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. खुद्द लष्करप्रमुखांचं उदाहरण आहे. जनरल व्ही. के. सिंग यांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १९५१ साल होतं, लोकसेवा आयोगाच्या अर्जात १९५० लिहिलं गेलं. लष्कराच्या दोन शाखा वर्षानुवर्षं दोन वेगळी सालं सांभाळत होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्यासमोर प्रकरण आलं. खरा जन्म कधीचा हा प्रश्न नाही, नोंदीत कोणती तारीख धरायची एवढाच आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. सिंग यांनी अर्ज मागे घेतला आणि त्या मे महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त झाले. ज्यांच्या शब्दावर सारी फौज हलत होती, त्यांनाही तरुणपणी भरलेला एक रकाना हलवता आला नाही.

बायकोची जन्मतारीख मात्र अनेकांच्या नोंदीत मुळात नसतेच आणि ती घालून घ्यायलाच हवी. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट होते. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. नोंदीत तारीखच नसेल तर म्हातारी ८० ची झाली हे कागदाला कसं कळणार?

काही ‘चुका’ लेखनाच्या नसतात, निर्णयाच्या असतात. डिस्चार्जचं कारण चुकीचं लावलं, किंवा दुखणं नोकरीमुळे नाही असं मेडिकल बोर्डाने लिहिलं, तर प्रतिज्ञापत्राने भागत नाही. तिथे अपील करावं लागतं आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. दुखण्याच्या बाबतीत धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मोठा आधार दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं धरावं, नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. पण उशीर करू नये. पेन्शनचा दावा जुना झाला तरी उभा राहतो, थकबाकी मात्र साधारणपणे ३ वर्षांपुरतीच मिळते.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की नावातली चूक नवरा जिवंत असेपर्यंत कुणाला त्रास देत नाही. पेन्शन येते, पोरांची लग्नं होतात, पुस्तक फळीवर पडून असतं. ज्या दिवशी तो जातो त्या दिवशी ती चूक जागी होते आणि ती निस्तरायला मागे राहते तीच बाई, जिला कधी कुणी ते पान वाचून दाखवलेलं नसतं. तो असताना त्याच्या एका सहीने, एका अर्जाने जे झालं असतं, त्यासाठी तिला तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढावी लागते. पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेत आल्यापासून आधारशी न जुळणारी नावं लवकर उघडी पडतात. मी त्याला उपकारच मानतो. निदान माणूस हयात असताना कळतं.

आजींचा कॉरिजेंडम चौदाव्या महिन्यात आला. थकलेले पैसे एकदम जमा झाले. त्यांनी आधी सोसायटीचं देणं फेडलं, मग माझ्या ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “ते असते तर त्यास्नी नाव इचारलं असतं. मला कुनी इचारलंच न्हाई.”

तेव्हापासून मंगळवारी असे कागद घेऊन माझ्याकडे येणाऱ्या माजी सैनिकांना मी एकटं यायला मनाई केली आहे. परवा एक नाईक आले, पंचाहत्तरीचे, सोबत मालकीण. पुस्तक उघडून मी ते पान वहिनींसमोर ठेवलं. नाईकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्यांना हाताने थांबवलं. वहिनींनी पदर सावरला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. मग जरा थांबून माहेरचंही सांगितलं. मी दोन्ही लिहून घेतली, एकेक अक्षर त्यांना वाचून दाखवत.