टाकाऊ मोटारीतून वीजनिर्मितीचा पाठ



साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आपल्या परिसरातील अनेक मुलांनी पाहिल्या आहेत. भुसावळजवळील दीपनगरचे वीजकेंद्रही त्यांना ऐकून ठाऊक असते. तथापि एका शाळाभेटीत ‘पवनचक्कीत वीज कोठून येते?’ असे विचारता ‘आत बॅटरी असते,’ असे उत्तर मिळाले. वीजनिर्मितीची व्याख्या मात्र त्या मुलास मुखोद्गत होती. ही उणीव मोडक्या खेळण्यातील मोटारीने भरून काढता येते.

मोटारीस वीज दिली म्हणजे तिचा आस फिरतो. उलटपक्षी, आस आपण फिरविला म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरून वीज उत्पन्न होते. फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेले तत्त्व ते हेच.

मोटारीची निवड काळजीपूर्वक करावी. मी प्रथम टेबलपंख्याची मोटार वर्गात नेली. दिवा लागला नाही व फजिती झाली. त्या मोटारीत कायम चुंबक नसतो. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातील मोटारीत तो असतो. पारख सोपी आहे : दोन्ही तारा एकमेकींस जोडून आस बोटांनी फिरवावा, तारा सुट्या असतानाच्या मानाने तो जड लागला, तर मोटार योग्य समजावी.

आता आसावर इंजेक्शनच्या कुपीचे सुमारे २ सेंटीमीटर व्यासाचे रबरी बूच घट्ट बसवावे. सायकल उलटी उभी करून ते बूच मागील चाकाच्या टायरला टेकवावे. तारांना तांबडा एलईडी दिवा व १०० ओहमचा रोधक एकापुढे एक जोडून पायडल हाताने फिरवावे. ६६ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाच्या एका फेऱ्यात बुचाचे ३३ फेरे होतात. ६ व्होल्टवर मिनिटास ३००० फेरे घेणारी मोटार १००० फेऱ्यांस सुमारे २ व्होल्ट देते, व दिवा उजळू लागतो. काही मोटारींना याहून अधिक वेग लागतो. दिवा न लागल्यास तारांची अदलाबदल करावी. एलईडीतून वीज एकाच दिशेने वाहते. घरातील विजेस ही मोटार कदापि जोडू नये.

पाठाचा गाभा मात्र त्या जडपणात आहे. प्रत्येक मुलास आस प्रथम तारा सुट्या ठेवून व नंतर जोडून फिरवू द्यावा. वीज वाहू लागताच बोटांना अधिक श्रम पडतात, हे त्यास स्वतः अनुभवू द्यावे. दीपनगरला ते श्रम कोळशाच्या उष्णतेने झालेली वाफ करते, ब्राह्मणवेलला वारा करतो. एवढे उमगल्यावर पवनचक्कीतील बॅटरीचा प्रश्न मुलेच सोडवतील.