दूरस्थ गटशिक्षणात भावनांचे स्थान

२०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे शाळांना कुलुपे लागली व वर्ग व्हॉट्सॲपच्या गटांत भरू लागले. पाठ घरोघरी पोहोचले. कित्येक मुले मात्र गटात मूकच राहिली. शाळा पुन्हा उघडल्या, तरी अभ्यासाचे असे गट अनेक गावांत टिकून आहेत, आणि ते मौनही. त्याचा अर्थ अनास्था असा लावणे घाईचे होय.

वर्गात चुकलेले उत्तर हवेत विरते. गटात ते लिहिलेले राहते, आणि फोन पुष्कळदा वडिलांचा असल्याने घरची मंडळीही ते वाचतात. नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा-पेठ भागातील, घरी कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाने प्रमाण भाषेत अडखळत वाक्य लिहावे आणि त्याखाली कोणी हसरे चित्र टाकावे, की ते मूल पुन्हा लिहिण्यास धजत नाही. त्याचा उतरलेला चेहरा शिक्षकास दिसत नाही, ही खरी अडचण. मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेकरून यांच्या २००६ मधील उपपत्तीनुसार ‘हे मला जमेल’ व ‘हे मोलाचे आहे’ या दोन जाणिवांवर अभ्यासातील आनंद, भीती वा कंटाळा अवलंबून असतो.

म्हणून आरंभीचा प्रश्न सर्वांस जमेल असा असावा : आज अंगणात कोणता पक्षी आला? चूक दाखवावयाची ती एकट्यास, फोन करून, कौतुक सर्वांसमक्ष. (पोकळ स्तुती मात्र मुले लगेच ओळखतात.) उत्तर लिहूनच यावे असा आग्रह नसावा, बोलून धाडलेलेही स्वीकारावे. ज्या घरचा फोन दिवसभर शेतावर असतो, तेथून उत्तर रात्रीच येणार. त्या विलंबाबद्दल गटात नाव घेऊन टोकू नये.