पाच रिकाम्या पुड्या आणा, एक भरलेली फुकट न्या : शॅम्पूच्या पाऊचची ही स्कीम माहितीये का?

गावाकडचं कुठलंही किराणा दुकान डोळ्यासमोर आणा. काउंटरवर गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, मागे फळीवर साबण आणि समोर दोरीला लटकलेल्या शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा. गिऱ्हाईक म्हणतं, "दोन पुड्या द्या." दुकानदार टर्रकन दोन फाडून देतो. विषय संपला.

हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की यात कुणीतरी डोकं लावलं असेल असं वाटतच नाही. पण एकेकाळी आपल्याकडे शॅम्पू म्हणजे बाटली आणि बाटली म्हणजे श्रीमंताघरची वस्तू असं साधं समीकरण होतं. बाकीच्यांनी शिकेकाई उकळायची, नाहीतर अंगाचाच साबण डोक्याला लावायचा. माझी आजी तर शेवटपर्यंत शॅम्पूला "तो फेस" म्हणायची.

हे समीकरण ज्यांनी मोडलं त्यांच्याकडे ना मोठी फॅक्टरी होती ना जाहिरातीला पैसा. तर ही गोष्ट सुरू होते तमिळनाडूतल्या कडलूरमध्ये.

तिथे चिन्नी कृष्णन नावाचे गृहस्थ होते. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा छोटासा व्यवसाय. त्यांचं म्हणणं एकच होतं, श्रीमंत माणूस जे वापरतो ते हमाल आणि रिक्षावाल्यालाही वापरता आलं पाहिजे. त्या काळात टाल्कम पावडर पत्र्याच्या डब्यात मिळायची. यांनी ती 100, 50 आणि अगदी 20 ग्रॅमच्या पाकिटात आणली. शॅम्पूही पुडीत भरला. पण माल विकायचा कसा, हे गणित त्यांना शेवटपर्यंत नीट जमलं नाही. त्यांच्या पश्चात मुलांनी 'वेल्व्हेट' नावाने शॅम्पूची पुडी बाजारात आणली आणि ती चांगली चाललीही.

याच घरातला एक मुलगा म्हणजे सी. के. रंगनाथन. भावांशी पटलं नाही म्हणून ते घरच्या धंद्यातून बाहेर पडले. खिशात होते 15 हजार रुपये. 1983 साली त्यांनी स्वतःचा शॅम्पू काढला, नाव ठेवलं 'चिक'. हे नाव वडिलांच्याच नावातून आलंय, चिन्नी कृष्णन.

आता अडचण बघा. पुडीची कल्पना नवी राहिली नव्हती, भावांचाच ब्रँड समोर उभा होता. आणि दुकानदार नव्या माणसाचा माल कशाला ठेवेल?

इथे रंगनाथन यांनी जी स्कीम काढली ती मला या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात भारी वाटते. त्यांनी जाहीर केलं, शॅम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि चिकची एक भरलेली पुडी फुकट घेऊन जा. पुड्या कुठल्या कंपनीच्या? कुठल्याही. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा माल वापरा, त्याचा कचरा आमच्याकडे आणा आणि वर बक्षीस घ्या.

ऐकायला येडेपणा वाटतो, पण जरा विचार करा. रिकामी पुडी कुणाकडे असणार? जो आधीच शॅम्पू वापरतो त्याच्याकडे. म्हणजे फुकटचा माल रस्त्यावरच्या कुणालाही वाटला जात नव्हता, तो नेमका पक्क्या गिऱ्हाइकाच्या हातात पडत होता. आजच्या भाषेत याला टार्गेटेड मार्केटिंग म्हणतात आणि त्यासाठी कंपन्या आपला डेटा विकत घेतात. इथे तेच काम रिकाम्या प्लॅस्टिकने केलं. शिवाय पाच पुड्या जमवण्याचे कष्ट घेतल्यावर मिळालेली वस्तू माणूस वापरून बघतोच. फुकट हातात कोंबलेलं सॅम्पल कपाटात पडून राहतं, तसं इथे होत नाही.

लोकांना चिकची ओळख झाल्यावर स्कीममध्ये एकच शब्द बदलला. आता पाच रिकाम्या पुड्या चालतील, पण फक्त चिकच्या. झालं! ज्याला फुकटची पुडी हवी तो आता दुकानात जाऊन नाव घेऊन चिक मागायला लागला. आणि गिऱ्हाईक नाव घेऊन मागायला लागलं की दुकानदाराला माल ठेवावाच लागतो. रंगनाथन यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे, महिन्याची विक्री 35 हजार रुपयांवरून 12 लाखांवर गेली. मग मोगरा आणि गुलाबाच्या वासाचे शॅम्पू आले. दक्षिणेत केसात गजरा माळणं रोजचंच, त्यामुळे मोगऱ्याचा वास कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

ज्या गावांत शॅम्पू कधी कुणी हातात घेतला नव्हता, तिथे कंपनीची माणसं जायची. गावातल्याच एखाद्या पोराला पुढे बसवून सगळ्यांदेखत त्याचे केस धुवायची आणि लोकांना सांगायची, हात लावून बघा, वास घेऊन बघा. रजनीकांतच्या सिनेमांचे खेळ लावायचे, मध्ये जाहिरात दाखवायची आणि खेळ संपला की पुड्या वाटायच्या. पुढे 1999 मध्ये चिकची पुडी थेट 50 पैशांना आली. कंपनीचं नाव तोवर केव्हिनकेअर झालं होतं. बाटल्या विकणाऱ्या बड्या कंपन्यांनाही या छोट्या पुडीच्या खेळात उतरावं लागलं आणि आज आपल्याकडे शॅम्पूचा मोठा हिस्सा पुडीतूनच विकला जातो.

पण पुडी स्वस्त कशी?

साधारण नियम असा की जास्त घेतलं की स्वस्त पडतं. पाच किलोची पिशवी किलोच्या पिशवीपेक्षा परवडते. शॅम्पूमध्ये बऱ्याचदा याच्या उलटं असतं. समजा एक रुपयाच्या पुडीत 6 मिली शॅम्पू आहे. 180 मिलीसाठी 30 पुड्या लागतील, म्हणजे 30 रुपये. आता त्याच ब्रँडच्या तेवढ्याच बाटलीवरची किंमत पुढच्या वेळी दुकानात बघा. मी बघितली होती आणि तिथेच उभं राहून मोबाईलवर दोनदा भागाकार केला होता.

बाटली, झाकण, लेबल यांचा खर्च असतो हे एक कारण. खरं कारण मात्र गिऱ्हाईक आहे. पुडी घेणारा पैशापैशाचा हिशेब करतो. किंमत वाढली की तो ब्रँड बदलतो किंवा परत साबणावर जातो. बाटली घेणारा सहसा एवढं बघत नाही. त्याला ओल्या हाताने पुडी दाताने फाडायची नसते, बाथरूममध्ये बाटली दिसायला बरी दिसते. या सोयीचे पैसे कंपनी त्याच्याकडून घेते. एकच शॅम्पू, दोन खिसे, दोन भाव.

पण या एक रुपयाने कंपन्यांनाही बांधून टाकलंय. कच्चा माल महागला तरी सव्वा रुपया करता येत नाही, कारण सुटे पैसे कुणाकडे नाहीत. मग किंमत तीच ठेवून आतला माल कमी होतो. पाच रुपयांच्या पार्ले-जीचा पुडा हातात घेऊन "पूर्वी यात जास्त बिस्किटं असायची" असं कुणी म्हटलं तर तो नुसता आठवणींचा गोडवा नाही, वजन खरंच घटत गेलंय. सप्टेंबर 2025 मध्ये शॅम्पू आणि बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला तेव्हा याच्या उलट पेच पडला. हिशेबाने एक रुपयाची पुडी साधारण 89 पैशांना मिळायला हवी. पण 11 पैसे परत कोण देणार? त्यामुळे अशा पाकिटांत किंमत तीच आणि माल थोडा जास्त, हाच मार्ग सोयीचा ठरतो. म्हणून पुडीवर किंमत बघताना मिली किंवा ग्रॅमही बघा. खरा भाव तिथे लिहिलेला असतो.

आणि रिकामी पुडी जाते कुठे?

शॅम्पूची पुडी नुसत्या प्लॅस्टिकची नसते. हवा आणि ओल आत जाऊ नये म्हणून वेगवेगळ्या थरांचं पातळ वेष्टन वापरतात, काहींमध्ये ॲल्युमिनियमचाही थर असतो. हे थर एकमेकांपासून वेगळे करणं इतकं महाग पडतं की भंगारवाला त्याला हातही लावत नाही. कचरावेचक ताई पाण्याची बाटली उचलतात कारण तिचे पैसे येतात. एक किलो भरायला किती पुड्या वेचाव्या लागतील याचा विचार करा, आणि एवढं करून भाव शून्य. मग त्या पुड्या नाल्यात, नदीकाठी, धुण्याच्या घाटावर तशाच राहतात. पंचवीस वर्षांपूर्वीची पुडी मातीत सापडली तर तिच्यावरचं नाव कदाचित अजून वाचता येईल.

सरकारने 2016 च्या नियमांत पुनर्वापर न होणारं असं बहुथरी प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं म्हटलं होतं. 2018 मध्ये नियमाची भाषा बदलली. ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यातून ऊर्जा मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही अशाच प्लॅस्टिकवर बंदी राहिली. जाळून ऊर्जा मिळते असं दाखवता आलं की सुटका. कंपन्यांनी स्वतःच्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी असे नियम आहेत, पण त्यात स्वतःचीच पुडी परत गोळा करावी लागत नाही, तेवढ्या वजनाचं प्लॅस्टिक कुठूनतरी गोळा करून प्रक्रिया झाल्याचं दाखवलं तरी चालतं.

बंदी घाला म्हणणंही सोपं नाही. हातावर पोट असलेल्या बाईला बाटलीचे शंभर-दीडशे रुपये एकदम काढता येत नाहीत. पुडी गेली तर तिचा शॅम्पू जातो, बाटलीवाल्याचं काहीच जात नाही.

गंमत म्हणजे चिकच्या त्या स्कीमच्या दिवसांत रिकाम्या पुडीला भाव होता. पाचाला एक असा पक्का दर. पोरं ती शोधत फिरत असतील, बायका जपून ठेवत असतील आणि दुकानदार मोजून घेत असेल. गावोगावच्या दुकानांतून रिकामं प्लॅस्टिक परत आणायची व्यवस्था खिशात 15 हजार रुपये घेऊन निघालेल्या माणसाने उभी करून दाखवली होती. पर्यावरण वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हतं, त्याला फक्त शॅम्पू विकायचा होता. ब्रँड मोठा झाला तशी स्कीम बंद झाली, आणि रिकामी पुडी पुन्हा कचरा झाली.