पेरांवरचं पंचांग

इंग्लंडच्या ईशान्येला, जॅरोच्या मठात, बीड नावाच्या साधूने ७२५ साली कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं पहिलंच प्रकरण बोटं दुमडून आकडे कसे धरायचे याचं आहे. दोन हातांवर ९,९९९ पर्यंत! पुढचा सगळा डोलारा याच हातांवर उभा आहे.

हा हिशोब मुख्यतः ईस्टर या ख्रिस्ती सणाच्या तारखेसाठी होता. वसंतसंपातानंतर येणारी पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. सूर्य, चंद्र आणि वार या तिघांचा मेळ घालायचा, आणि तोही कित्येक वर्षं आधी, कारण त्याआधीचे चाळीस दिवसांचे उपास त्यावरच ठरतात. अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी त्यासाठी १९ वर्षांचं चक्र घेतलं: २३५ चांद्रमास, त्यात सात वर्षं तेरा महिन्यांची. आपले अधिक महिनेही साधारण याच प्रमाणात येतात. ५२५ साली रोममध्ये डायोनिसियस एक्झिगुअस याने हे कोष्टक पुढे चालवलं. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या नावाने वर्षं मोजणं त्याला नको होतं, म्हणून त्याने ती ख्रिस्तजन्मापासून मोजली. आजचा इसवी सन तिथला.

बीडने दाखवलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. एका हाताची पेरं चौदा, त्यात पाच नखं मिळवली की एकोणीस: हे चंद्राचं चक्र. नखं सोडून दोन्ही हातांची पेरं अठ्ठावीस: इतक्या वर्षांनी ज्युलियन पंचांगात तारीख आणि वार यांची जोडी पुन्हा त्याच क्रमाने येते. एकोणीस गुणिले अठ्ठावीस म्हणजे ५३२ वर्षं, आणि मग ईस्टरच्या तारखा पहिल्यापासून. पोथी जवळ नसली तरी साधूला वर्षाची जागा बोटावर सापडे.

या हिशोबावरून घरं दुभंगली होती. नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विउ आयरिश साधूंचं ८४ वर्षांचं चक्र पाळी, राणी एअनफ्लेड रोमची रीत. एखाद्या वर्षी राजाचा ईस्टर साजरा होई तेव्हा राणीचे उपास अजून चालू असत. हा वाद क्षुल्लक होता असं मला वाटत नाही. जो सण सगळ्यांनी एकत्र करायचा, तो एका छपराखालीही एका दिवशी होत नव्हता. ६६४ साली व्हिटबीला, मठाधिकारी हिल्डच्या मठात, सभा भरली आणि राजाने रोमच्या बाजूने निकाल दिला. आयोना बेटावरच्या मठाने मात्र ७१६ पर्यंत जुनीच रीत धरली.

कोष्टकातला चंद्र आणि आकाशातला चंद्र यांत किंचित अंतर पडतं, हे बीडच्याही लक्षात आलं होतं. चंद्र कधीकधी हिशोबापेक्षा वयाने मोठा का दिसतो, यावर त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिलं. साचत गेलेली ती चूक अखेर १५८२ च्या ग्रेगोरियन सुधारणेत दुरुस्त झाली.